पैसेवारी : ‘ई’ की ‘पी’?

हैदराबाद संस्थानातला जुना महसुली तक्ता हाती आला की आधी दोन गोष्टी बघाव्या लागतात. रुपया हाली (निजामाचा) आहे की कळदार (इंग्रजांचा), आणि साल फसली (महसुली) आहे की इसवी. शंभर कळदार रुपयांना 116 हाली रुपये, 10 आणे, 8 पै पडत. कोपऱ्यातली टीप फाटली की हिशेब सहाव्या हिश्श्याने चुकलाच. मेटाडेटा, म्हणजे आकड्याबद्दलची माहिती, हा शब्द तेव्हा कुणी ऐकला नव्हता, वस्तू मात्र तीच.

अशा माहितीची मानके फार उशिरा घडली आणि तीही वेगवेगळ्या घरांत. सर्वेक्षणांचे संग्रह सांभाळणाऱ्यांनी 1995 पासून डीडीआय हे वर्णनाचे मानक वाढवले. देशोदेशीचे आकडे एकमेकांच्या यंत्रणांत बिनचूक उतरावेत म्हणून सात आंतरराष्ट्रीय संस्थांनी 2001 मध्ये एसडीएमएक्स हे मानक हाती घेतले. आकडेवारी तयार करण्याच्या कामाच्या टप्प्यांचा आराखडा, म्हणजे जीएसबीपीएम, 2009 चा. त्याचा मूळ नमुना न्यूझीलंडचा. त्यात आधी नऊ टप्पे होते. 2013 मध्ये ‘जतन’ हा टप्पा वगळला. जतन तर प्रत्येक टप्प्यावर होतच असते, असा त्यामागचा विचार. विचार बरोबर आहे, पण कचेरीत त्याचा बारभाईचा कारभार होतो. प्रक्रिया आणि माहिती यांचा सांधा जुळवायला 2012 च्या अखेरीस जीएसआयएम हा माहितीच्या संकल्पनांचा आराखडा आला.

हा सांधा कुठे निखळतो ते मराठवाड्यात पैसेवारीवर दिसते. पैसेवारी म्हणजे नेहमीचे पीक रुपया धरले तर यंदा गावात किती पैसे पिकले, तो आकडा. नाणी दशमान झाली 1957 मध्ये, तरी गावात अजून आणेवारीच म्हणतात. 50 पैशांच्या आत-बाहेर असण्यावर परीक्षा शुल्काची माफी, कृषिपंपाच्या बिलातली सवलत, वसुलीला स्थगिती अवलंबून राहत आली. खरिपाचा हा आकडा तीनदा जाहीर होतो. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरात अंतिम. आमच्याकडे एकदा एका तालुक्याची एक्सेल आली. रकान्याचे नाव ‘पैसेवारी’, खाली गावे, पुढे आकडे. तीनपैकी कुठला, ते कुठेच नाही. फाइलचे नाव होते ‘फायनल 2 नवीन’.

अशी यादी एसडीएमएक्समध्ये घालताना प्रत्येक आकड्याला स्थितीचे एक अक्षर लावता येते. ‘पी’ म्हणजे तात्पुरता, ‘ई’ म्हणजे अंदाजित. नजरअंदाजला कोणते? बहुतेक जण बिनदिक्कत ‘पी’ लावतात, पुढे अंतिम येणारच आहे म्हणून. माझ्या मते इथेच घोळ होतो. ‘पी’ लावले की वाचणारा समजतो, मोजणी तीच आहे, फक्त पक्की व्हायची आहे. सप्टेंबरअखेर बहुतेक शिवार उभे असते. बांधावरून पाहून आकडा ठरतो. ऑक्टोबरअखेर मूग, उडीद केव्हाच घरात, सोयाबीन खळ्यावर, कापसाची वेचणी चालू आणि तूर हिरवीगार. म्हणजे सुधारित आकड्यात काही पिके मोजलेली, काही नजरेने. तूर तर डिसेंबरातही पुरती निघत नाही. तीन आकडे ही एका आकड्याची तीन वये नव्हेत, ती तीन वेगळी कामे आहेत. आणि हे स्थितीच्या अक्षरातून कळत नाही, संकलनाचा टप्पा कोणत्या पिकासाठी झाला होता यावरून कळते. तेवढे एक नाते जोडायला प्रक्रियेचा आराखडा आणि मेटाडेटाचे मानक एकत्र लागतात. नुसता आराखडा भिंतीवर लावून किंवा नुसते कोड भरून ते जमत नाही.

2016 नंतर गुंता वाढला. त्या खरिपापासून नवी पीकविमा योजना आली. काठ्या रोवून, दोरी ताणून दहा बाय पाच मीटरचा तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, तोलायचा. या प्रयोगावरून महसूल मंडळाचे, म्हणजे काही गावांच्या गटाचे, सरासरी उत्पादन निघते आणि त्याची तुलना होते उंबरठा उत्पादनाशी, म्हणजे गेल्या सातांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तर (विम्याने ठरवलेला टक्का) लावून आलेल्या आकड्याशी. पैसेवारीचे एकक गाव, विम्याचे मंडळ. डिसेंबर 2016 च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पाऊस, वनस्पती निर्देशांक, मृदेतला ओलावा, भूजल असे निकष पुढे आणले आणि 2018 मध्ये राज्यातले 151 तालुके दुष्काळी ठरले ते तालुका धरून. पैसेवारी मात्र गावोगाव निघतच राहिली. ‘उत्पादन घटले’ या एका वाक्यामागे तीन एकके आणि तीन रीती उभ्या असतात, आणि वर्तमानपत्रात तिन्हींचा एकच मथळा होतो.

15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. पेऱ्याची नोंद आधी तलाठी करायचा, आता शेतकरी बांधावर उभा राहून मोबाइलवर फोटो काढतो. पीक तेच, गट नंबर तोच, नोंदवणारा बदलला. लागवडीच्या क्षेत्राच्या तक्त्यात 2020 आणि 2021 शेजारीशेजारी, मधे रेघही न मारता, छापलेले मी पाहिले आहेत. एसडीएमएक्समध्ये मालिका तुटल्याचेही एक अक्षर आहे, ‘बी’. त्या तक्त्यात तो रकाना रिकामा होता.