चार कोटी ज्यूल आणि चार चकत्या

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरहून पश्चिमेकडे जाणारा इंटरस्टेट ७० हा महामार्ग सुमारे ३,४०० मीटर उंचीवरील आयझेनहॉवर बोगद्यातून बाहेर पडतो आणि सिल्व्हरथॉर्न गावापर्यंतच्या १३ किलोमीटरांच्या आसपासच्या अंतरात जवळपास ७०० मीटर खाली येतो. सुट्टीच्या दिवसांत या उतारावर पिकअप ट्रकांची रांग असते आणि त्यांतल्या अनेकांच्या मागे बोट, घोड्यांचा ट्रेलर किंवा चाकांवरचे घर जोडलेले असते. आपल्याकडे पिकअप म्हटले की भाजीपाला बाजारात नेणारी गाडी डोळ्यांसमोर येते. तिथे मात्र ती किती वजन ओढू शकते, यावर तिची किंमत आणि मालकाचा अभिमान ठरतो. ही क्षमता सांगताना भर बहुतेक वेळा चढावर असतो. माझ्या मते गाडीची खरी परीक्षा उतारावर होते आणि ती इंजिनाच्या ताकदीपेक्षा उष्णतेची परीक्षा असते.

थोडे गणित करून पाहू. पिकअपचे वजन २,५०० किलो आणि ट्रेलरचे ३,५०० किलो, म्हणजे एकूण ६,००० किलो धरले, तर ताशी ९० किलोमीटर वेगावरून गाडी थांबवताना ब्रेकना सुमारे १९ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. तेच ओझे ७०० मीटर खाली उतरवताना मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ४ कोटी १० लाख ज्यूल, म्हणजे अशा बावीस थांब्यांइतकी असते. हवेचा आणि टायरांचा विरोध यातला काही वाटा उचलतो. पण सगळी ऊर्जा पिकअपच्या चाकांबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चार बिडाच्या चकत्यांमध्ये साठली आणि त्या चकत्यांचे एकत्रित वजन ५० किलो मानले, तर त्यांचे तापमान १,५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाईल. बीड मात्र १,२०० अंशांच्या आतच वितळते. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण चकती तापत असतानाच वारा तिला निववत असतो. तरीही पायथ्याशी उभ्या गाडीच्या चाकाच्या फटीतून दिसणारी निळसर झाक आलेली चकती आणि नाकात शिरणारा जळका वास, ही उष्णता किती होती ते सांगून जातात.

या उष्णतेमुळे ब्रेक दोन वेगळ्या प्रकारे निकामी होतात आणि चालकाला त्यांतला फरक पायाखाली जाणवतो. पहिल्या प्रकारात चकतीवर दाबल्या जाणाऱ्या पॅडमधील घटकांना बांधून ठेवणारे राळेसारखे रसायन अति तापून विघटित होते, त्यातून सुटणारे वायू पॅड आणि चकती यांच्यामध्ये येतात आणि घर्षण घटते. पेडल घट्टच लागते, पण गाडी आवरत नाही. दुसऱ्या प्रकारात पेडलचा दाब चाकांपर्यंत पोहोचवणारे ब्रेक ऑइल उकळते. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. अमेरिकी मानकातील डॉट ३ दर्जाच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, परंतु त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, त्यामुळे उकळलेल्या ऑइलवर पेडल सरळ तळाला जाऊन टेकते.

म्हणून ब्रेक सुधारायचे ठरवल्यावर मी सर्वांत आधी ऑइल बदलायला सांगेन, कारण हा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. त्यानंतर जास्त तापमान सोसणारे, धातूचे प्रमाण अधिक असलेले पॅड येतात. मोठ्या आणि जाड चकत्यांना उष्णता सामावून घ्यायला अधिक लोखंड मिळते, आणि आतल्या पन्हळींमधून त्या पंख्याप्रमाणे हवा बाहेर फेकतात. भोके पाडलेल्या चकत्या आकर्षक दिसतात, पण वारंवार तापण्या-निवण्याने त्या भोकांपासून तडे जाऊ शकतात, म्हणून ओझे ओढणाऱ्याने त्या टाळलेल्या बऱ्या. यातल्या कोणत्याही बदलाने कंपनीने ठरवलेली ओढण्याची मर्यादा वाढत नाही, कारण ती सांगाडा, टायर, गिअरबॉक्स अशा अनेक गोष्टी मिळून ठरते.

ट्रेलरने स्वतःचे वजन स्वतः रोखणे, ही याहून मोठी सुधारणा होय. अमेरिकेतील अनेक ट्रेलरच्या चाकांत विद्युत ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणाऱ्या पिंपासारख्या ड्रमच्या आत एका तरफेच्या टोकाला विद्युतचुंबक बसवलेला असतो. प्रवाह मिळताच तो फिरत्या ड्रमच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटू पाहतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो, त्याने तरफ हलते आणि ब्रेक शू, म्हणजे घर्षण करणाऱ्या कमानदार पट्ट्या, ड्रमवर दाबले जातात. किती प्रवाह सोडायचा हे पिकअपमधील नियंत्रक ठरवतो. पूर्वी हा नियंत्रक बाहेरून विकत आणून डॅशबोर्डखाली लावत असत. फोर्डने २००५ च्या सुपर ड्यूटी या पिकअप मालिकेत तो कारखान्यातूनच बसवून दिला. त्यामुळे पिकअपच्या ब्रेकमध्ये निर्माण होणारा दाब पाहून ट्रेलरचे ब्रेक त्याच प्रमाणात लावणे शक्य झाले.

पुण्यातील कोथरूडच्या कारखान्यामुळे मराठी वाचकांना ओळखीचे असलेले कमिन्स हे नाव ज्यांचे, त्या क्लेसी कमिन्स यांना उताराचा धडा १९३१ मध्ये मिळाला. कॅलिफोर्नियातील कहोन खिंड उतरताना त्यांच्या डिझेल ट्रकचे ब्रेक निकामी झाले आणि पायथ्याच्या रेल्वे फाटकावर मालगाडी जात असताना ते थोडक्यात बचावले. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी हवा अडवणारी झडप नसल्याने पाय काढला तरी ते गाडीला फारसे मागे खेचत नाही. कमिन्स यांनी पुढे यावर उपाय शोधला: सिलिंडरमध्ये हवा पूर्ण दाबली जाताच धूर बाहेर सोडणारी झडप उघडायची, म्हणजे दाबण्यात खर्च झालेली ऊर्जा पिस्टनला परत मिळत नाही. १९६१ मध्ये जेकब्स कंपनीने हा इंजिन ब्रेक बाजारात आणला. आजच्या डिझेल पिकअपमध्ये त्याऐवजी धुराच्या जोरावर इंजिनात हवा ढकलणाऱ्या टर्बोचार्जरची पाती मिटवून धुराची वाट चोंदवतात आणि इंजिनाला त्या दाबाविरुद्ध राबायला लावतात.

‘ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतर’ हे आपल्याकडील जुन्या चालकांचे सांगणे याच तत्त्वावर उभे आहे. इंजिनाने बहुतांश वेग रोखून धरला, तर ब्रेक मधूनमधून जोराने लावून पूर्ण सोडता येतात आणि त्या मोकळ्या क्षणांत चकत्यांना वारा लागतो. उतार संपल्यावर लगेच गाडी उभी करणेही योग्य नाही. गाडी थांबताच वारा थांबतो, तापलेल्या पॅडमधील उष्णता पॅड दाबणाऱ्या ब्रेकच्या पिस्टनमार्गे ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते आणि अख्खा उतार सुखरूप उतरलेल्या गाडीचे पेडल पायथ्याच्या चहाच्या थांब्यावरून निघताना मऊ लागू शकते. म्हणून पायथ्याला आल्यावर काही किलोमीटर ब्रेक न लावता सावकाश चालावे.