अमेरिकेतल्या शिक्षकांना उन्हाळ्यात फुकट पगार मिळतो?
अमेरिकेतल्या सरकारी शाळांचे शिक्षक उन्हाळाभर घरी बसून पगार घेतात, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. जुलैतही खात्यात पैसे जमा होताना दिसले की तसं वाटणं साहजिक आहे. पण करार सहसा १८० ते १९० दिवसांच्या कामाचाच असतो. त्या दिवसांची कमाई अनेक स्कूल डिस्ट्रिक्ट (म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक मंडळं) बारा महिन्यांत विभागून देतात. म्हणजे जुलैचा हप्ता आधीच केलेल्या कामाचा.

पडताळायचंय? डिस्ट्रिक्टचा करार पाहा, बहुतेकदा तो वेबसाइटवर असतो. बिनपगारी रजा घेतली तर एका दिवसाचे किती कापतात, ते त्यात शोधा. वार्षिक पगाराला साधारणपणे कामाच्या दिवसांनी भागलेलं असतं, ३६५ ने नाही.

म्हणूनच सुट्टी कमी करून शाळेचे पैसे वाचत नाहीत. दिवस वाढवले की पगारही वाढवावा लागतो, आणि बजेट तेवढंच असेल तर नव्या शिक्षकांची भरती अडते.