एफ-वन इन स्कूल्स

एफ-वन इन स्कूल्स : शालेय विद्यार्थ्यांसाठीची आंतरराष्ट्रीय अभियांत्रिकी स्पर्धा. 3 ते 6 विद्यार्थ्यांचा संघ फॉर्म्युला वनच्या मोटारीशी नाते सांगणारी वीतभर लांबीची गाडी संगणकावर आखतो, यंत्रावर कोरतो आणि 20 मीटरच्या सरळ मार्गावर पळवतो. गाडीला ना इंजिन असते ना बॅटरी. मागच्या पोकळीत बसवलेल्या कार्ट्रिजमधील (दाबाखाली वायू भरलेल्या धातूच्या छोट्या नळकांड्यातील) 8 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तिला ढकलतो. स्पर्धेचा उगम ब्रिटनमधला. पहिली जागतिक अंतिम फेरी 2005 मध्ये झाली. 2025 पासून ही स्पर्धा ‘स्टेम रेसिंग’ या नावाने ओळखली जाते.

चांगली गाडी 20 मीटरचे अंतर साधारण एका सेकंदात कापते, म्हणजे सरासरी वेग ताशी 72 किलोमीटरच्या आसपास पडतो. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. या वेगाला एक हजारांश सेकंद म्हणजे मार्गावरचे जेमतेम दोन सेंटीमीटर. त्यामुळे आकर्षक आकारापेक्षा बारीक मापांतली शिस्त इथे जास्त निर्णायक ठरते.

कार्ट्रिजमध्ये वायू बहुतांशी द्रवरूपात असतो आणि 20 अंश सेल्सिअसला त्याचा दाब सुमारे 57 बार असतो (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाएवढा). सुटताना सुईने तोंड फोडले की वायू मागे झेपावतो आणि गाडी पुढे उसळते. बाष्पीभवनामुळे उरलेला द्रव झपाट्याने थंड होतो, दाब पडतो आणि जोर ओसरतो. हा सगळा खेळ तापमानावर अवलंबून आहे. तेच कार्ट्रिज 10 अंशांवर असेल, तर दाब 45 बारच्या आसपासच राहतो. म्हणून सरावाच्या वेळा नोंदवताना खोलीचे तापमान आणि कार्ट्रिजचे धावण्याआधीचे वजन सोबत लिहावे लागते. ते न लिहिणारे संघ चाके बदलल्याचा फायदा म्हणून प्रत्यक्षात दुपारच्या उन्हाचा फायदा मोजत बसतात. वेग वाढावा म्हणून कार्ट्रिज गरम करणे धोक्याचे आहे. चाचणी घेताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

गाडीचा सांगाडा बाल्सा लाकडाच्या किंवा पॉलियुरेथेन फोमच्या ठोकळ्यातून कोरतात. आराखडा त्रिमितीय संगणक-प्रणालीत तयार होतो, आभासी वातप्रवाहात त्याची चाचणी होते आणि मग सीएनसी राऊटर (संगणकाच्या सूचनांनुसार कोरणारे यंत्र) ठोकळ्याची एक बाजू कोरून दुसरी बाजू घेतो. ठोकळा उलटताना तो किंचित जरी सरकला, तरी दोन बाजू मधोमध जुळत नाहीत आणि गाडीच्या पाठीवर पायरीसारखी कड उमटते. ती घासून घालवता येते, पण ॲक्सलची (चाकांच्या आसांची) भोके त्याच चुकीमुळे वाकडी गेली असतील तर गाडी नव्याने कोरणेच शहाणपणाचे. बाल्साचे तंतू लांबीच्या दिशेने ठेवले नाहीत, तर नाकाजवळचा बारीक भाग पहिल्याच धडकेत तुटतो. पंख बहुधा त्रिमितीय छपाईने बनवतात.

वजनाची किमान मर्यादा नियमांत दिलेली असते. अनेक हंगामांत ती कार्ट्रिज वगळून 50 ग्रॅमच्या आसपास राहिली आहे. नियमावली बदलत असते, म्हणून आराखड्याआधी चालू वर्षाचीच प्रत वाचावी. एक ग्रॅम जास्त भरला, तर भरलेल्या कार्ट्रिजसह गाडीचे एकूण वजन सव्वा टक्क्याच्या आसपास वाढते आणि वेळेत जवळपास शतांश सेकंदाचा फरक पडू शकतो. उलट मर्यादेखाली गेल्यास दंड बसतो. गोंधळ सहसा रंगकामात होतो. प्रायमर आणि रंगाचे थर दोन-तीन ग्रॅम सहज वाढवतात, ओला रंग वाळताना वजन उतरते आणि बाल्सा दमट हवेत पाणी शोषून पुन्हा जड होते. म्हणून रंग पूर्ण वाळल्यावर, शेवटच्या जुळणीनंतर वजन करून ते मर्यादेपेक्षा दशांश ग्रॅमने जास्त ठेवणे बरे.

चाकांवर जितकी मेहनत घ्यावी तितकी थोडीच. चाक पुढेही जाते आणि फिरतेही, त्यामुळे त्याच्या कडेजवळचा प्रत्येक ग्रॅम वेग घेताना जवळजवळ दोन ग्रॅमसारखा वागतो. म्हणजे वजन काढायचे ते आधी चाकाच्या कडेतून. बेअरिंगमधले कारखान्यातले ग्रीस एवढ्या लहान, हलक्या चाकाला ब्रेकसारखे धरून ठेवते. ते विद्रावकाने धुऊन हलक्या तेलाचा अंश देतात किंवा बेअरिंग कोरडेच चालवतात. धुतलेल्या बेअरिंगला धूळ मात्र लगेच बाधते. समोरासमोरची चाके समांतर नसली, तर ती सरळ लोळण्याऐवजी घासत जातात आणि उत्तम बेअरिंगही वाया जाते.

गाडी मार्गावर टिकते ती मधोमध ताणलेल्या नायलॉनच्या दोऱ्यामुळे. गाडीच्या पोटाखाली पुढे आणि मागे बसवलेल्या कड्यांतून हा दोरा जातो. दोन्ही कड्या मध्यरेषेवर नसतील, तर गाडी तिरकी ओढली जाते. भोक फार घट्ट असेल तर दोरा घासतो, फार सैल असेल तर गाडी डोलते. वायूचा जोर गाडीला कोणत्या उंचीवर ढकलतो, हेही पाहावे लागते. कार्ट्रिजचा अक्ष गुरुत्वमध्याच्या खाली राहिला, तर सुटताना पुढची चाके उचलली जातात. फार वर गेला तर नाक दाबले जाते.

मार्गावर दोन गाड्या शेजारी धावतात. काही धावांत गाडी आपोआप सुटते, काहींत दिवे विझल्यावर विद्यार्थी कळ दाबतो आणि त्याचा प्रतिसादकाळ एकूण वेळेत धरला जातो. हा काळ सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा असू शकतो. बेअरिंग आणि पंखांवर महिनोन्महिने घालवून कमावलेल्या वेळेपेक्षा तो कितीतरी मोठा आहे, तरी कळ दाबण्याचा सराव सगळ्यात शेवटी आठवतो.

गुण फक्त वेगाला नसतात. मोजमापांची तपासणी, अभियांत्रिकी अहवाल, तोंडी सादरीकरण, प्रायोजक मिळवण्याचे काम आणि संघाचा प्रदर्शनकक्ष यांचेही मूल्यमापन होते. त्यासाठी एक जण आराखड्याचा, दुसरा निर्मितीचा, तिसरा चित्ररचनेचा आणि आणखी कोणी पैशांचा भार उचलतो. परीक्षक बहुधा एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात : हा बदल का केला, आणि त्याने फरक पडला हे कशावरून? एका वेळी एकच भाग बदलून, तोच मार्ग आणि सारख्या वजनाची कार्ट्रिजे वापरून घेतलेल्या पाच-सहा धावांची वही हेच त्याचे उत्तर. फसलेला पंख त्या वहीत त्याच्या वेळांसह असला, तर तोही गुण मिळवून देतो.