नाकाची बायॉप्सी झाली असेल तर ब्लॉक (तुमचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा) सोबत आणा

'बायॉप्सी झालीय, रिपोर्टही आलाय, मग पुन्हा तपासणी कशाला?' आमच्या लॅबच्या काउंटरवर रोज कुणी ना कुणी हे विचारतं, म्हणून लिहून देत आहोत.

एका बाजूचं नाक महिनोन्महिने बंद, रक्त, दुर्गंधी, कधी टाळूला भोक. यातून बहुधा सायनस, बुरशी किंवा टीबी निघतो. क्वचित एनके/टी-सेल लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर, निघतो. चीन, जपान, कोरिया, दक्षिण अमेरिकेत तो जास्त, आपल्याकडे विरळ. एपस्टीन-बार विषाणूशी (ईबीव्ही) त्याचा संबंध असतो. हा आजार रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद पाडतो, त्यामुळे आसपासचं मांस मरतं. बायॉप्सीचा तुकडा वरवरचा असेल तर रिपोर्टात नुसतं 'नेक्रोसिस', म्हणजे मेलेलं मांस, एवढंच येतं. त्याचा अर्थ कॅन्सर नाही असा घेऊ नका. अशा वेळी आम्ही तुमच्या सर्जनना फोन करून खोलवरचा तुकडा मागतो. त्रास तुम्हालाच होतो, हे कळतं. पण मेलेल्या मांसावरून निदान करणं आम्हाला पटत नाही.

सगळ्यात जास्त दिवस वाया जातात ते ब्लॉकमुळे. लोक रिपोर्ट आणि दोन गुलाबी काचा (रंगवलेल्या स्लाइड) घेऊन येतात. सीडी3, सीडी56, ग्रॅन्झाइम बी, ईबीईआर या आजार ओळखायच्या खास तपासण्यांना (मार्कर) मेणाच्या ब्लॉकमधून नवे काप घ्यावे लागतात. ब्लॉक आधीच्या लॅबमध्येच असतो. अर्ज देऊन, सही करून मागून घ्या. उन्हात गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. जाणं जमत नसेल तर चिठ्ठी द्या, आमचा माणूस आणेल. काम झालं की ब्लॉक परत मिळतो, त्याचे पैसे नाहीत. मार्करही आम्ही टप्प्याटप्प्याने लावतो, म्हणजे तुकडा पुरतो आणि खर्च आटोक्यात राहतो.

नेमकं नाव कळणं गरजेचं, कारण लिम्फोमाची नेहमीची सीएचओपी केमो इथे फारशी चालत नाही. आजार नाकापुरता असेल तर रेडिएशन आणि अ‍ॅस्पॅराजिनेज हे औषध असलेली केमो देतात. आधी पेट-सीटी स्कॅन आणि रक्तातल्या ईबीव्ही डीएनएची तपासणी होते. ते तुमचे कॅन्सरतज्ज्ञ ठरवतील.

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू असतील तर फॉर्मवर जरूर लिहा. त्यांनी निदान झाकलं जाऊ शकतं. मनाने बंद मात्र करू नका. आणि ब्लॉक हातात आला की त्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतो ना, ते त्या लॅबच्या काउंटरवरच बघून घ्या.