खडकातून डोकावणारा तो कोण?

परवा मध्यरात्री एका मित्राचा व्हिडिओ आला. खाऱ्या पाण्याची टाकी, दिवे बंद, मोबाइलचा टॉर्च. खडकाच्या भोकातून बोटभर लांबीचं गुलाबी-तपकिरी काहीतरी बाहेर आलं होतं. उजेड पडताच सर्रकन आत. खाली प्रश्न : "हा बॉबिट आहे का रे? सगळी टाकी उपसू?"

बॉबिट म्हणजे एक लांबलचक शिकारी समुद्री कृमी. त्याची ही धास्ती व्हिडिओंची कृपा. ब्रिटनमध्ये न्यूकीच्या ब्लू रीफ मत्स्यालयात 2009 साली पोवळी कुरतडली जात होती. शेवटी टाकीतले खडक काढले, तेव्हा जवळजवळ चार फुटांचा कृमी हाती लागला, हे खरंच. पण म्हणून दिसेल तो किडा बॉबिट नसतो.

मित्राचं दुसरं कोडं जास्त जुनं : "पाणी तर स्वच्छ ठेवतो, मग किडे झाले कसे?" अरे, किडे 'होत' नाहीत. फ्रान्चेस्को रेडीने 1668 मध्ये मांसाच्या काही बरण्यांवर कापड बांधून दाखवलं, की माशीला आत जाता आलं नाही तर मांसात अळ्या पडत नाहीत. तरी घाणीत किडे आपोआप होतात ही समजूत अजून ठणठणीत आहे. टाकीत हे पाहुणे 'लाइव्ह रॉक'च्या, म्हणजे जीवजंतूंसकट टाकीत ठेवलेल्या समुद्री खडकाच्या, भोकांत बसून किंवा पोवळ्याच्या तुकड्याला चिकटून येतात.

ओळखताना रंगाच्या नादी लागू नका, आधी शरीराची कड बघा. प्रत्येक वलयाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुबके दिसले तर प्राणी वलयी, म्हणजे गांडुळाचा भाऊबंद. शाळेत नेरीस या समुद्री कृमीच्या चित्रात परापाद (बाजूचे पायांसारखे अवयव) आणि दृढरोम (त्यांवरचे ताठ केस) रंगवले होते ना, तेच हे.

या दृढरोमांसाठी मी टाकीसमोर तासभर बसू शकतो. प्रत्येक रोम मुळाशी बसलेली एकच पेशी घडवते. त्वचेत एक खळगा असतो, त्याच्या तळाशी ही पेशी. तिच्या माथ्यावर बोटांसारखे सूक्ष्मांकुर उभे असतात आणि त्यांच्या बुडाशी कायटिन साठत जातं. झुरळाच्या कवचात असतं तेच कायटिन. नवा थर खाली बसला की जुना वर ढकलला जातो, त्यामुळे टोक सगळ्यात आधी तयार होतं आणि बुडखा शेवटी. वाढ चालू असताना सूक्ष्मांकुरांची संख्या आणि जागा बदलत राहते. त्यातूनच कुठे करवतीचे दाते, कुठे आकडा, कुठे दुबेळकं घडतं. अंकुर मागे सरकले की त्यांच्या जागी पोकळ्या उरतात. म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रोमाचा आडवा छेद बारीक नळ्यांच्या जुडीसारखा दिसतो. म्हणजे पेशीने कधी काय केलं, ते रोमावर टोकापासून बुडापर्यंत क्रमाने नोंदलेलं असतं! अग्निकृमींच्या कुळात यात कॅल्शियम कार्बोनेटची भर पडते. रोम खडूसारखा ठिसूळ होतो, बोटात घुसतो आणि तिथेच तुटतो. मग आग आग. अशा वेळी चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून ओढायची.

मित्राचा किडा बहुधा याच कुळातला, पण उष्टं-खरकटं खाणारा. बोटाला वाईट, टाकीला चांगला. त्यांची संख्या फार वाढली तर माशांना घालता ते खाणं कमी करा. पोवळी खाणाऱ्या दाढीवाल्या अग्निकृमीच्या डोक्यावर सुरकुतलेला मांसल उंचवटा असतो. बॉबिटच्या डोक्यावर पाच स्पर्शिका असतात, अंगावर इंद्रधनुषी झाक असते. म्हणून डोक्याचा फोटो हवा, शेपटीचा नको.

रोमच नसतील तर गोष्ट वेगळी. पानासारखा चपटा, काचेवरून तरंगल्यासारखा सरकणारा तो चपटा कृमी. काही चपटे कृमी पोवळी खातात. बुळबुळीत, रबरासारखा ताणला जाणारा तो फीतकृमी (रिबन वर्म, पोटातला टेपवर्म नव्हे), आणि तो शिकारी असतो. नळीतून पिसांचा पंखा काढून बसलेला बिचारा निरुपद्रवी.

काल पुन्हा व्हिडिओ. खडकाला चिकटलेली चुनखडीची वाकडी नळी, तिच्या तोंडातून कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे पाण्यात सोडलेले. "आता हा कुठला किडा?"

किडा नाही रे, गोगलगाय आहे ती.