तीव्र प्रीएक्लॅम्प्सियातील अंतर्गत रक्तस्राव

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू अथवा रक्तघटकांवर परिणाम दिसू लागला, तर त्या विकाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. रक्तदाब १६०/११० किंवा त्याहून वर गेला, अथवा प्लेटलेट (रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशी) एक लाखाच्या खाली उतरल्या, की तो तीव्र मानला जातो. वारेतून रक्तात मिसळणाऱ्या द्रव्यांमुळे सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते आणि त्याला चिकटून प्लेटलेट खर्ची पडतात. रक्त गोठण्याची शक्ती अशी घटत असतानाच वाढलेल्या दाबाचा ताण नाजूक वाहिन्यांवर येतो. त्यातून होणारा रक्तस्राव पुष्कळदा शरीराच्या आतच साचतो, म्हणून त्याचे निदान सहज हुकते.

यकृतातील रक्तस्राव विरळा, पण अत्यंत घातक आहे. तो बहुधा हेल्प सिंड्रोमसोबत आढळतो. तांबड्या पेशी फुटणे, यकृतातील एन्झाइम वाढणे आणि प्लेटलेट घटणे या त्रयीला हे नाव लुई वाइनस्टाइन यांनी १९८२ मध्ये दिले. यकृताच्या, विशेषतः उजव्या खंडाच्या, आवरणाखाली रक्त साचते व आवरण ताणले जाते. उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली मधोमध दुखते, मळमळते, कधी कळ उजव्या खांद्यापर्यंत जाते. याला पित्त समजून कोकमाचे पाणी किंवा अँटासिड देऊन सकाळची वाट पाहणे हा यातील सर्वांत महागात पडणारा विलंब होय. आवरण फुटले तर रक्त पोटात उतरते आणि बाई थोड्याच वेळात शॉकमध्ये जाते. म्हणून संशय असताना पोट जोराने दाबून तपासत नाहीत. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करतात. आवरणाखाली साचलेली रक्ताची गाठ फुटलेली नसेल तर तिच्यावर देखरेख ठेवतात, फुटलेल्या यकृताला मात्र पॅकिंग (कापडी घड्यांनी दाबून रक्त थांबवणे) किंवा यकृताची धमनी बंद करण्याचे उपचार लागतात.

वार वेळेआधी सुटली तर रक्त तिच्यामागे कोंडू शकते. बाहेर थोडेच दिसते, पण गर्भाशय लाकडासारखे कडक होते आणि बाळाचे ठोके मंदावतात. फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन संपत जाऊन रक्त गोठेनासे होते. गरोदरपणात हा घटक एरवी वाढलेला असल्याने, इतरांसाठी ‘नॉर्मल’ ठरणारा डेसिलिटरमागे २०० मिलिग्रॅमचा अहवालही येथे धोक्याचा असतो. मेंदूतील रक्तस्राव या विकारातील मातामृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे. असह्य डोकेदुखी व अंधुक दिसणे ही त्याची सूचना असू शकते.

प्रसूती हाच मूळ उपाय आहे. तोवर लॅबेटॅलॉल, हायड्रॅलाझिन किंवा निफेडिपिनने दाब उतरवतात आणि आकडी टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. प्लेटलेट फार कमी असल्यास ते स्नायूत न टोचता शिरेतून देणे इष्ट, कारण टोचल्या जागी रक्त साचते. याच कारणाने पाठीतून भूल देण्याआधीही प्लेटलेट पाहतात.

गोव्यात जवळजवळ सर्व बाळंतपणे रुग्णालयांत होतात, त्यामुळे येथे खरा प्रश्न वेळेवर पुढे पाठवण्याचा आहे. सत्तरी, सांगे, काणकोण किंवा पेडण्याच्या आरोग्य केंद्रात दाब आणि लघवी तपासता येते. रक्तपेढी, शल्यचिकित्सा आणि अतिदक्षता एकत्र लागतील अशी रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यावी लागते. सिंधुदुर्गातूनही अशा बाया तेथेच येतात. १०८ची गाडी निघण्यापूर्वी मॅग्नेशियमचा पहिला डोस आणि दाबाचे औषध देऊन, प्लेटलेटचा आकडा फोनवर कळवला तर पुढची तयारी आधीच सुरू होते.

हेल्प सिंड्रोम प्रसूतीनंतर, बहुधा पहिल्या दोन दिवसांतही उद्भवतो, आणि दाब तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा उसळी घेतो. तेव्हा बाळंतीण माहेरी जाणार असेल तर घरी पाठवतानाच्या कागदावर शेवटचा दाब, प्लेटलेट आणि पुढील तपासणीची तारीख लिहिलेली असावी, म्हणजे माहेरच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेला कशावर लक्ष ठेवायचे ते कळते.