कोरड्या हवेतली खाऱ्या पाण्याची टाकी

मे महिन्यात परभणीत पारा चाळिशी ओलांडतो आणि घरोघरी कूलर घुमू लागतात. मुंबईच्या दमट हवेत कूलरचा फारसा उपयोग होत नाही. घरात समुद्री माशांची छोटी टाकी ठेवायची असेल, तर खरेदीला निघण्याआधी या फरकाचा विचार करावा. खाऱ्या पाण्याचे मासे समुद्राकाठच्या लोकांनी पाळावेत, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते टिकायचे नाहीत, असं सर्रास सांगितलं जातं. निदान तापमानाच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे.

पाण्यावरून वारा फिरला की पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. हे पाणी किती थंड होऊ शकेल, ते हवेतल्या दमटपणावर ठरतं. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर फक्त वाऱ्याच्या जोरावर पाणी २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना ते २८ अंशांच्या खाली येतच नाही. समुद्री टाकीला हवे असतात २५ ते २७ अंश. म्हणजे मुंबईकराला जिथे महागडा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतो, तिथे जालन्यात किंवा बीडमध्ये पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके रोखलेले १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे आणि एक थर्मोस्टॅट बहुतेक दिवस काम भागवतात. चिलर टाकीतली उष्णता काढून त्याच खोलीत सोडतो, हेही विसरू नये.

तापमानाचा एवढा आग्रह का, तर समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो आणि ३० अंशांना सहाच्या थोडा वर. गोड्या पाण्यापेक्षा हे प्रमाण मुळातच कमी. वर गरम पाण्यात माशाच्या शरीराचे व्यवहार वाढतात आणि त्याला ऑक्सिजन जास्त लागतो. पुरवठा घटतो तेव्हाच मागणी चढते.

या थंडाव्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी घेतली, तर दगड-वाळू घातल्यावर तिच्यात साधारण १०० लिटर पाणी राहतं. याहून लहान टाकी नवख्याने घेऊ नये. पाणी जितकं थोडं, तितकं त्याचं तापमान आणि क्षारता झपाट्याने हलते. एक लिटर पाणी उडताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता नेतं. बाहेरून उष्णता आलीच नाही, तर तेवढ्याने १०० लिटरची टाकी जवळजवळ सहा अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात खोलीतून उष्णता येतच राहते, म्हणून उन्हाळ्यात रोज दोन लिटर उडालं तर नवल नाही. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असलेली टाकी एका दिवसात ३५.७ वर जाते. लग्नासाठी पाच दिवस गावी गेलात आणि कुणी पाणी घातलं नाही, तर ती ३९ च्या जवळ पोचते. मासा हे कसंबसं सोसतो. तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. कोळंबी आणि गोगलगाय यांच्या अंगातलं पाणी मात्र बाहेरच्या पाण्याबरोबर खारं होत जातं, त्यामुळे आधी त्याच जातात.

म्हणून उपकरणांच्या यादीत मी दिव्याआधी ऑटो टॉप-ऑफ लिहीन. पातळी खाली गेली की सेन्सर छोटा पंप चालू करतो आणि बाजूच्या डब्यातलं गोडं पाणी टाकीत येतं. मिठाचं पाणी इथे कधीच घालायचं नाही. जोडीला क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर हवाच. प्लॅस्टिकच्या काट्याच्या हायड्रोमीटरवर हवेचा बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. झाकण काचेचं नको, जाळीचं हवं: वारा आत जातो आणि उडी मारणारा मासा बाहेर पडत नाही.

हे गोडं पाणी कुठलं? बोअरचं नाहीच. आपल्या काळ्या पाषाणातून येणारं पाणी जड असतं आणि शेतातल्या खतांचं नायट्रेट अनेक ठिकाणी त्यात उतरलेलं असतं. आरओ लागतो, पण घरातल्या आरओकडे नीट पाहावं. पिण्यासाठी चव यावी म्हणून पुष्कळ यंत्रं थोडं मूळ पाणी परत मिसळतात, आणि काहींत तांब्याचं कार्ट्रिज असतं. माणसाला चालणारं हे तांबं कोळंबी-गोगलगाईंना अगदी थोड्या प्रमाणातही विष आहे. एसीतून ठिबकणारं पाणी शुद्ध असतं असं समजून काहीजण तेच वापरतात; तेही तांब्याच्या नळ्यांवरून आलेलं असतं. मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्याच्या आसपास दिसेल असं, डीआय फिल्टर (उरलेसुरले क्षार काढणारा) जोडलेल्या आरओचंच पाणी घ्यावं. मीठही समुद्री टाकीसाठी मिळतं तेच: १०० लिटरला साडेतीन ते चार किलो. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के भरतात, पण उरलेल्या मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, पोटॅशियमशिवाय जीव जगत नाही. जालन्याच्या हद्दीपलीकडच्या लोणार सरोवराचं पाणीही खारं आहे, मात्र त्याचा पीएच दहाच्या आसपास. समुद्राचा ८.२.

लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात छंदाचा हिशेब उघड मांडला पाहिजे. आठवड्याला १० लिटर पाणी बदलायचं आणि उन्हाळ्यात १४ लिटर भर घालायची, म्हणजे २४ लिटर. आरओ एका लिटरमागे तीन लिटर फेकत असेल, तर आणखी ७२. ते फेकलेलं पाणी फरशी आणि संडाससाठी ठेवलंच पाहिजे. टाकीतून काढलेलं खारं पाणी झाडांना घालू नये.

पैसे उरले तर प्रोटीन स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) घ्यावा असं दुकानदार सांगेल. दोन-तीन माशांच्या टाकीला तो नसला तरी चालतं. तो पैसा इन्व्हर्टरच्या जोडणीवर घालवा. लाइट गेली की सगळ्यात आधी पाण्याची हालचाल थांबते आणि हवेतला ऑक्सिजन आत मिसळेनासा होतो. पाणी हलतं ठेवणारा पाच-दहा वॅटचा वेव्हमेकर आणि पंखे इन्व्हर्टरवर असले, तर रात्रभर घोर लागत नाही. डिसेंबरच्या रात्रींसाठी १०० वॅटचा हीटर पुरतो. दिवा साधा एलईडी चालेल, कारण प्रवाळ ठेवायचेच नाहीत. दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. कुणी चोरून विकत असेल तरी घेऊ नयेत. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून मिळणारा दगड बहुधा प्रवाळाचा सांगाडाच असतो. त्याऐवजी सच्छिद्र सिरॅमिकचे दगड घ्या. जिवाणूंना राहायला जागा मिळाली की झालं.

या जिवाणूंना चार ते सहा आठवडे द्यावेच लागतात. माशांच्या मलमूत्रातून निघणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत मासा आणायचा नाही. या काळात डॅमसेल नावाचा स्वस्त मासा सोडण्याचा सल्ला मिळतो. तो मासा तग धरतो, पण पुढे येणाऱ्या प्रत्येक माशाला छळतो.

आता जीव. ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी हीच पहिली निवड. आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंत वाढते, २८ अंशांपर्यंत निभावते आणि हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात, जन्मलेली मिळते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे क्लाउनफिशच्या पैदाशीची पद्धत बसवली आहे. समुद्रातून न पकडलेला मासा घेणं नैतिकदृष्ट्या बरं, आणि तो सुक्या खाद्यालाही सरावलेला असतो. दोन लहान पिल्लं आणावीत. क्लाउनफिश आधी नर असतात. जोडीत जो वरचढ होतो तो मोठा होऊन मादी बनतो.

तिसरा मासा गोबी, आणि मिळाली तर त्याच्यासोबत पिस्तूल कोळंबी. या कोळंबीला दिसतं जेमतेम. ती दिवसभर बुलडोझरसारखी वाळू उपसत बीळ करते आणि गोबी दाराशी पहारा देतो. बाहेर येताना तिची एक मिशी माशाच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की तो शेपटी थरथरवतो आणि ती क्षणात आत. तिच्या मोठ्या नांगीचा ‘टक्’ आवाज नांगी आपटल्याचा नसतो. नांगी मिटताना पाण्याची चिळकांडी उडते, तिच्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना हा आवाज येतो. काचेला नाक लावून तासभर बसावं असं हे दृश्य आहे. शेवाळ खाणाऱ्या पाच-सहा ट्रोकस किंवा सेरिथ गोगलगाई आणल्या, की टाकी भरली. निळा टँग फुटभर वाढतो, मँडरिन सूक्ष्म कवचधारी जीव सोडून सहसा काही खात नाही आणि लहान टाकीत उपाशी मरतो. दोन्ही दुकानातच राहू द्यावेत.

मराठवाड्यात हे मासे बहुधा पुण्या-मुंबईहून ट्रॅव्हल्सने रातोरात येतात. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो आणि अमोनिया कमी घातक रूपात राहतो. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून माशाची पिशवी न उघडता वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग उघडून मासा जाळीने लगेच टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी आत ओतू नका. विक्रेत्याकडून त्याच्या पाण्याची क्षारता आदल्या दिवशी फोनवर विचारून आपली टाकी तिच्या जवळपास आणून ठेवलेली असावी. कोळंबीला ही घाई चालत नाही. तिच्या भांड्यात टाकीचं पाणी बारीक नळीने, धार कमी करायला नळीला गाठ मारून, थेंबाथेंबाने तासभर सोडावं. गाडी मे महिन्यात दुपारी पोचणार असेल, तर ऑर्डर जूनच्या पहिल्या पावसापर्यंत लांबवा.